रिपोर्ट नॉर्मल, माणूस घरात: नाशिकमधलं पॅनिक डिसऑर्डरचं एक प्रकरण

हे प्रकरण सिडकोत राहणाऱ्या एका बेचाळीस वर्षांच्या गृहस्थांचं आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते परचेसला आहेत. घरात आई, बायको आणि सहावीतला मुलगा. घरीदारी सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून इथेही दादाच म्हणते. लिहायला त्यांची आणि वहिनींची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, औषधं लिहून देत नाही. ती बाजू त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांनी सांभाळली.

ऑक्टोबरमध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा वहिनींच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक जाडजूड फाइल होती. पाच ईसीजी, दोन टूडी इको, एक टीएमटी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी-ट्वेल्व्ह, मेंदूचा एमआरआय आणि शेवटी अँजिओग्राफी. सगळं नॉर्मल. आणि असे सगळे रिपोर्ट नॉर्मल असलेला हा माणूस सहा महिने उड्डाणपुलावर चढला नव्हता, एकटा इगतपुरीच्या पुढे गेला नव्हता, आणि बाथरूमची कडी न लावता आंघोळ करत होता, कारण आत पडलो तर दार तोडायला वेळ जाईल.

कडीची गोष्ट वहिनींनी सांगितली. दादा खाली बघत होते. मी टिपून घेतली, कारण आजार कुठे मुरला आहे ते त्या एका गोष्टीतून कळत होतं.

पुलावरची दुपार

आदल्या फेब्रुवारीत दादांचा चुलतभाऊ गेला. वय चव्वेचाळीस. रात्री छातीत जळजळतंय म्हणाला, इनो घेतलं, झोपला. पहाटे त्रास वाढल्यावर दादांनीच त्याला गाडीत घालून नेलं. दवाखान्याच्या दारातच तो गेला. "रस्त्यात त्यानं माझा हात धरला होता, मॅडम. गार पडलेला आणि घामानं ओला," हे वाक्य दादांनी पहिल्याच भेटीत सांगितलं आणि नंतरही अनेकदा.

दहावा-तेराव्याची धावपळ, भावाच्या बायकोचे विम्याचे कागद, बँकेच्या चकरा, सगळं दादांनी निस्तरलं. लोक म्हणाले, खंबीर आहे. रडले मात्र नाहीत. मार्चअखेरीला कारखान्यात स्टॉक आणि बिलांचा रगाडा होता. झोप चार-पाच तासांवर आली, चहा सात-आठ कपांवर गेला.

एप्रिलमधल्या एका दुपारी ते ओझरच्या एका सप्लायरकडे निघाले. पोटात सकाळच्या पोह्यांवर काही नाही, गाडीचा एसी बंद. मुंबई-आग्रा महामार्गावरचा शहरातला उड्डाणपूल लांबलचक आहे. एकदा चढलं की मध्ये थांबता येत नाही, वळता येत नाही. इंदिरानगरच्या आसपास त्यांना छातीत धडधड जाणवली. मग श्वास पुरेना. बोटांना मुंग्या आल्या, समोरचा रस्ता लांब गेल्यासारखा वाटायला लागला. आणि स्टिअरिंगवरचा आपलाच हात ओला लागला. गार आणि ओला. "त्या क्षणी डोक्यात एकच आलं, हेच ते."

पूल उतरून त्यांनी गाडी कशीबशी कडेला लावली. एका रिक्षावाल्यानं त्यांना जवळच्या दवाखान्यात पोचवलं. ईसीजी निघेपर्यंत धडधड ओसरली होती. डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, हार्ट ठीक आहे, गॅसेस असतील, टेन्शन घेऊ नका.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगते. चाळिशीतल्या माणसाच्या छातीत पहिल्यांदा असं काही झालं तर दवाखान्यात जायलाच हवं, ईसीजी काढायलाच हवा. पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणारा भीतीचा झटका, आणि हृदयविकार लक्षणांवरून घरबसल्या वेगळे करता येत नाहीत. दादा त्या दिवशी दवाखान्यात गेले ते योग्यच होतं. कमी पडलं ते पुढचं वाक्य. तपासणी नॉर्मल आली तेव्हा "तुम्हाला काही झालेलं नाही" असं सांगितलं गेलं. पण त्यांना काहीतरी झालं होतं. त्याला नाव होतं, त्यावर उपचार होते, आणि ते नाव सांगायला दोन मिनिटं पुरली असती. त्या दोन मिनिटांअभावी पुढचे सहा महिने गेले, असं माझं ठाम मत आहे.

शरीरात नेमकं काय झालं

भीतीची यंत्रणा खरी असते, शरीरात असते. मेंदूला धोका जाणवला की अॅड्रेनालिन सुटतं, हृदयाची गती वाढते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, त्वचेकडचं कमी होतं. म्हणून हात गार पडतात. घाम येतो. श्वास भराभर चालतो. इथवर सगळं पळण्यासाठीच्या तयारीचं आहे. पण माणूस गाडीत नुसता बसलेला असतो. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्ताची आम्लता बदलते, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात. त्यातून डोकं हलकं होणं, ओठांना-बोटांना मुंग्या, आजूबाजूचं खोटं वाटणं. आणि गंमत अशी की, पुरेसा प्राणवायू असतानाही माणसाला वाटतं आपला श्वास कोंडतोय, म्हणून तो आणखी जोरात ओढतो.

हा झटका सहसा दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो. कोणी काही केलं नाही तरी ओसरतो, हे पुढे फार उपयोगी पडणार होतं.

धडधड तर जिना चढल्यावरही होते. मग झटका का बसतो? ऑक्सफर्डमधले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये याचं जे स्पष्टीकरण मांडलं, त्यावर आजची बरीचशी उपचारपद्धत उभी आहे. शरीरातल्या साध्या जाणिवेचा माणूस भयंकर अर्थ लावतो: धडधड म्हणजे हार्ट अटॅक, चक्कर म्हणजे बेशुद्धी, सगळं खोटं वाटणं म्हणजे वेड लागतंय. त्या अर्थामुळे भीती वाढते, भीतीमुळे जाणिवा वाढतात, आणि वाढलेल्या जाणिवा तो अर्थ खरा ठरवतात. दादांच्या बाबतीत तो अर्थ दोन महिन्यांपूर्वीच तयार होऊन बसला होता. ओला हात.

सहा महिन्यांत काय काय सुटलं

दुसरा झटका मे महिन्यात, द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये. तिसरा रात्री झोपेतून उठवून. मग झटक्यांपेक्षा झटका येईल या धास्तीचाच त्रास जास्त व्हायला लागला. आधी पूल बंद झाला. दादा खालून, लेखानगर-मुंबई नाका-द्वारका असे सिग्नल खात जायचे. मग खालच्या रस्त्यावर कोंडीत अडकण्याची भीती बसली, म्हणून ओझर-दिंडोरीकडची कामं सहकाऱ्याकडे गेली. मुंबईच्या वाऱ्या थांबल्या. कसारा घाटात मोबाइलची रेंज जाते, हे कारण त्यांनी साहेबांना दिलं होतं. लग्नात ते दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे. रविवार कारंजावर किंवा मेन रोडला दिवाळीची खरेदी करायला वहिनी एकट्या गेल्या.

शर्टाच्या खिशात सॉर्बिट्रेटची गोळी आली. कोणीतरी सांगितलं होतं, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची. जुलैत एका झटक्याच्या वेळी त्यांनी ती घेतली. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते, रक्तदाब उतरतो, तो सावरायला हृदय आणखी जोरात धावतं आणि डोकं ठणकतं. दादांची धडधड दुप्पट झाली. त्यांनी अर्थ काढला की अटॅक मोठा होता, गोळीनं वाचलो. डॉक्टरांनी तुमच्यासाठी लिहून दिली नसेल तर ही गोळी बाळगू नये. ज्यांना हृदयविकार आहे त्यांच्यासाठी ती मोलाची आहे. दादांना तिनं आणखी घाबरवलं.

त्याच सुमारास ओळखीच्या डॉक्टरांनी झोपेसाठी क्लोनाझेपामची गोळी आठवडाभरासाठी दिली. तिच्यानं बरं वाटलं. खरोखर बरं वाटतं, हीच तिची अडचण आहे. आठवड्याची गोळी तीन महिने चालली, एकाच्या दोन झाल्या, आणि स्ट्रिप खिशात नसेल तर दादा सोसायटीच्या फाटकातून परत फिरायचे.

घरच्यांनी जे सुचलं ते सगळं केलं. आईंनी त्र्यंबकेश्वरला शांत करवून घेतली. भावाचा आत्मा अडकलाय असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. स्वतः पुतण्याच्या दुःखात असताना त्या माऊलीनं मुलासाठी उपास धरले. मी त्यावर कधीच टीका केली नाही. पूजेला बसल्यावर दादा भावासाठी पहिल्यांदा रडले, हे मला नंतर कळलं, आणि तेवढ्यानंही मन हलकं झालं होतं. मेव्हण्यानं योगवर्ग लावून दिला. तिथे पहिल्याच दिवशी भस्त्रिका करताना डोकं गरगरलं, मुंग्या आल्या, दादा चप्पल हातात घेऊन बाहेर पडले. भराभर श्वास घेतल्यावर असंच व्हायचं, पण ते त्यांना सांगणारं कोणी नव्हतं. त्यांनी प्राणायामही बंद केला.

आणि वहिनी. त्यांनी तर नोकरीच्या वेळा बदलून घेतल्या. कारखाना सुटताना रोज फोन, "निघालात का, बरं आहे ना?" रात्री उठून त्यांच्या छातीवर हात ठेवून ठोके बघायच्या. बीपीचं मशिन घेतलं. दिवसातून दहा-बारा वेळा मोजणं चालायचं. असा दिलासा खाजेसारखा असतो: खाजवलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि खाज वाढत जाते. पण नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडलेला बघून हात बांधून बसणं कोणत्या बायकोला जमेल? त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

निदान

एकदा झटका येणं म्हणजे आजार नव्हे. पुष्कळांना आयुष्यात एखादा येतो आणि विसरला जातो. अनपेक्षित झटके वारंवार येत असतील आणि त्यानंतर महिनाभर किंवा अधिक काळ पुढच्या झटक्याची धास्ती राहिली, किंवा त्यापायी वागणं बदललं, तर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. दादांना त्याच्या जोडीला अॅगोराफोबियाही होता: जिथून चटकन बाहेर पडता येणार नाही किंवा मदत मिळणार नाही अशा जागांची भीती. पूल, बोगदा, गर्दी, रांग, बस-रेल्वे, एकट्यानं घराबाहेर असणं, सगळं त्यात येतं.

इतर शक्यता आम्ही तपासल्या. थायरॉइड वाढलेलं असेल, रक्त कमी असेल, हृदयाची लय बिघडत असेल, दम्याची काही औषधं किंवा दारू सुटतानाचा काळ असेल, तरी असंच चित्र दिसतं. ते रिपोर्टमध्ये नव्हतं आणि दादा दारू घेत नाहीत. जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डरमध्ये किमान सहा महिने पैसा, मुलं, तब्येत, नोकरी अशी सगळीकडची काळजी पोखरत राहते. दादांची भीती तशी पसरट नव्हती. लोक काय म्हणतील हे सोशल अँग्झायटीचं मूळ भय, तेही नव्हतं. दुःख होतं, पण नैराश्याचं पूर्ण चित्र नव्हतं. हे बघणं गरजेचं असतं, कारण दोन्ही अनेकदा हातात हात घालून येतात. आत्महत्येचे विचार मी नेहमीच थेट विचारते. नव्हते.

तीव्रता मोजायला सात प्रश्नांची एक मापनपट्टी आहे, पॅनिक डिसऑर्डर सिव्हिरिटी स्केल, गुण ० ते २८. दादांचे आले १९.

निदान ऐकल्यावर दादा चिडले. "म्हणजे मी नाटक करतोय?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. मी म्हणाले, दादा, धडधड खरी आहे, मुंग्या खऱ्या आहेत, भीतीही खरी आहे. हृदय निकामी होतंय हा निष्कर्ष तेवढा चुकलाय. ते गप्प बसले. वहिनी म्हणाल्या, "अहो, निदान नाव तरी मिळालं."

असं का झालं

एकच कारण शोधायची आपल्याला सवय असते. इथे कारणांचा गुंता होता. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं की पॅनिक डिसऑर्डरमध्ये अनुवंशाचा वाटा साधारण ३० ते ४० टक्के असतो. उरलेलं आयुष्यातून येतं. दादांच्या आई वर्षानुवर्षं एकट्या बसमध्ये बसल्या नव्हत्या. घरात त्याला "आईला गाडी लागते" म्हणायचे. मामांनाही छातीची भीती होती. दादांचा स्वभाव लहानपणापासून जबाबदारीचा आणि सगळं हातात ठेवण्याचा. त्यात भावाचा मृत्यू, न रडलेलं दुःख, तुटलेली झोप, चहा, उपाशी पोट, उन्हाळा. यातलं एकेक कारण बहुतेकांना पचतं. एप्रिलमधल्या त्या दुपारी सगळी एकत्र आली.

पण आजार सुरू कशानं झाला आणि टिकला कशानं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि उपचारासाठी दुसरा महत्त्वाचा. दादांचा आजार बचावानं टिकवला होता. ते पूल टाळायचे आणि मरायचे नाहीत, म्हणून मेंदू शिकायचा: पूल टाळला म्हणून वाचलो. गोळी होती म्हणून वाचलो. दाराजवळ बसलो, वहिनी सोबत होती, कडी उघडी होती म्हणून वाचलो. काहीच न करताही वाचलो असतो, हे कळायची संधी त्यांना एकदाही मिळाली नाही. भीतीचं पोषण याच खबरदारीवर होत होतं, आणि या प्रकरणातून मला सांगायचं आहे ते मुख्यतः हेच.

औषध

मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्रॅम ५ मिलिग्रॅमनं सुरू केलं आणि आठवड्यानं १० केलं. ही एसएसआरआय गटातली, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी गोळी. कमी मात्रेनं सुरुवात करायचं कारण असं की पहिले काही दिवस या गोळीनं बेचैनी, मळमळ, पोट बिघडणं होऊ शकतं, आणि पॅनिकच्या रुग्णाला तेवढीशी बेचैनीही झटक्यासारखी वाटते. अनेक जण चौथ्या दिवशी गोळी कचऱ्यात टाकतात ती यामुळेच. दादांना हे आधी सांगितलेलं होतं, म्हणून ते टिकले. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होणं हाही दुष्परिणाम होतो. आपल्याकडे तो कोणी बोलत नाही आणि गुपचूप गोळी बंद करतो. डॉक्टरांनी तो स्वतःहून विचारला, याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं. मात्रा किंवा गोळी बदलून त्यावर मार्ग निघतो.

"सवय लागेल का?" वहिनींनी विचारलं. या गोळीची नशेसारखी ओढ लागत नाही. मात्र एकदम थांबवली तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते, म्हणून उतरवताना हळूहळू. ओढ लागते ती क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची. ती एका दिवसात बंद करणंही धोक्याचं असतं, अगदी फिट येण्यापर्यंत. एस्सिटालोप्रॅमचा गुण दिसायला लागल्यावर डॉक्टरांनी ती थोडी थोडी करत साधारण अडीच महिन्यांत थांबवली. सॉर्बिट्रेट पहिल्याच दिवशी खिशातून गेली.

खुर्चीत बसून आणलेला झटका

सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी), म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारा मानसोपचार, हे नुसतं बोलणं असतं, असा समज आहे. पॅनिकमध्ये हे काम बरंचसं शरीरानं करायचं असतं. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पॅनिकसाठी एकूण ७ ते १४ तासांची सीबीटी पुरेशी ठरते. आम्हाला त्याहून थोडा जास्त वेळ लागला, कारण मधे गोळीही उतरवायची होती.

सुरुवातीच्याच एका भेटीत मी दादांना म्हणाले, आपण दोघं मिळून मिनिटभर जोरजोरात श्वास घेऊ. हृदयविकार, दमा, फिट येणं, गरोदरपण असेल तर हा प्रयोग असा करत नाहीत. दादांच्या डॉक्टरांचा होकार घेतलेला होता. ते खुर्चीच्या कडेला येऊन बसले. वीस सेकंदांत डोळे विस्फारले, चाळीसला त्यांनी टेबल धरलं. मिनिट झालं तेव्हा बोटं वाकडी झाल्यासारखी वाटत होती, ओठ बधिर. "हेच. अगदी हेच होतं पुलावर." मी म्हणाले, माझीही बोटं झिणझिणतायत, बघा. आणि मग आम्ही काहीच केलं नाही. पाणी नाही, पंखा नाही, नाडी बघणं नाही. चार-पाच मिनिटांत सगळं उतरलं. दादा हाताकडे बघत बराच वेळ बसले. मग म्हणाले, "मग भावाचा हात ओला होता तो वेगळ्या कारणानं, आणि माझा वेगळ्या." इतक्या नेमकेपणानं मला ते मांडता आलं नसतं.

पुढचे आठवडे घरचा अभ्यास होता: खुर्चीत गोल फिरणं, जागच्या जागी पळणं, बारीक स्ट्रॉतून श्वास घेणं, पांडवलेण्यांच्या पायऱ्या न थांबता चढणं. उद्देश एकच, धडधडीशी पुन्हा ओळख करून घेणं. बेशुद्धीची भीती मोठी होती, तिच्यावर वेगळं बोललो. बेशुद्ध पडायला सहसा रक्तदाब उतरावा लागतो. पॅनिकमध्ये तो थोडा चढलेला असतो. रक्त किंवा इंजेक्शन बघून भोवळ येणाऱ्यांचं वेगळं आहे, त्यांचा दाब खरंच उतरतो. दादा कधीच बेशुद्ध पडले नव्हते, हे फाइलमध्येही होतं. कारखान्यात कोणीतरी कागदी पिशवीत श्वास घ्यायला शिकवलं होतं, तेही बंद केलं. आता तसा सल्ला देत नाहीत. त्रास खरोखर हृदयाचा किंवा दम्याचा असेल तर ते घातक ठरतं.

मग पुलाची शिडी, म्हणजे पुलाच्या भीतीला पायरीपायरीनं सामोरं जाणं. पहिल्यांदा वहिनी चालवणार, दादा शेजारी, रविवारी सकाळी सहाला. मग दादा चालवणार, वहिनी शेजारी. मग वहिनी मागे बसणार आणि बोलणार नाहीत. मग एकटे. मग संध्याकाळच्या गर्दीत एकटे. क्लोनाझेपामचा अंमल असताना गाडी चालवायची नाही हे ठरलेलं होतं, म्हणून स्वतः चालवण्याची पायरी ती गोळी बंद झाल्यावर आली. प्रत्येक फेरीआधी वहीत लिहायचं: काय होईल असं वाटतं, किती टक्के खात्री, आल्यावर: काय झालं. एकट्यानं जायच्या पहिल्या दिवशीची नोंद माझ्यासमोर आहे. "बेशुद्ध पडेन, गाडी कठड्याला धडकेल. ८० टक्के." खाली, दुसऱ्या शाईनं: "मुंबई नाक्यावर जोरात आला. हात ओला. रेडिओ लावला नाही. के. के. वाघपर्यंत गेलो. परतीला पुन्हा थोडा आला. भूक लागली." मला ती "भूक लागली" फार आवडली.

झटका आला तरी फेरी यशस्वी, हे समजायला दादांना वेळ लागला. झटका न येणं हे ध्येय ठेवलं की माणूस पुन्हा स्वतःला तपासत बसतो. मंद पोटातला श्वास मी शिकवला, पण रोजच्या शांततेसाठी. पुलावर तो वापरायला मनाई केली, नाहीतर सॉर्बिट्रेटची जागा त्यानं घेतली असती.

वहिनींचा अभ्यास सगळ्यात अवघड होता. कारखाना सुटतानाचा फोन बंद. "बरं वाटतंय का" हा प्रश्न बंद. बीपीचं मशिन माहेरी. रात्री दादांनी "ठोके बघ ना" म्हटलं तर काय म्हणायचं हे आम्ही तिघांनी मिळून ठरवलं: "त्रास होतोय हे दिसतंय मला. मी इथे आहे. ठोके नाही बघणार." पहिल्या आठवड्यात त्या माझ्यासमोर रडल्या. दगडासारखी वागतेय म्हणाल्या. दादांनीच त्यांना समजावलं.

आईंना एकदा बोलावलं. मला वाटलं त्या गोळ्यांना विरोध करतील. त्या शांतपणे सगळं ऐकून म्हणाल्या, "माझंपण हेच हाय का गं पोरी?" बहात्तराव्या वर्षी. होतं. त्यांनी उपचार घ्यायचं नाकारलं, पण नातवासमोर "पडशील, मरशील" म्हणणं जाणून कमी केलं. भीती घरातल्या घरात शिकवलीही जाते, हे त्यांना एका वाक्यात उमगलं.

फेब्रुवारीत भावाच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात सगळं उलटल्यासारखं झालं. दोन रात्री झोप नाही, मोठा झटका, दादा थेट दवाखान्यात. पुन्हा ईसीजी, पुन्हा नॉर्मल. "चार महिने पाण्यात," ते म्हणाले. मी वही काढायला लावली. एप्रिलमध्ये पहिल्या झटक्यानंतर त्यांनी पूल सोडला होता. यावेळी तिसऱ्या दिवशी ते पुलावरून कामावर गेले होते. अशी घसरण उपचारात धरलेलीच असते. त्या आठवड्यात आम्ही पॅनिकवर फारसं बोललोच नाही. भावावर बोललो. पहाटेच्या त्या गाडीतल्या प्रवासावर, आधी का नाही नेलं या अपराधीपणावर. ते काम मी आधी सुरू करायला हवं होतं का, यावर तज्ज्ञांत मतभेद असतील. मला वाटतं, धडधडीची भीती थोडी उतरल्यावरच दादांना त्या आठवणीजवळ बसता आलं.

आता

मे महिन्यात मापनपट्टीवर ५ गुण आले. दादा पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन आले, घाटातल्या बोगद्यांसकट. समृद्धीवरचा इगतपुरीजवळचा जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा त्यांनी शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर लिहिला होता. तो एकट्यानं पार केला. बाथरूमची कडी लागते. चहा तीन कपांवर आहे. महिन्या-दोन महिन्यांत एखादा छोटा झटका येतो. मुलाच्या शाळेच्या सहलीला नाही म्हणायचं दोघांच्याही मनात आलं होतं, पण पाठवला. २०२७ च्या सिंहस्थात आईंना रामकुंडावर न्यायचं दादांनी कबूल केलंय. गर्दीचा सराव म्हणून ते सध्या बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात जातात.

ज्यांना असा त्रास आहे त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०१९ मध्ये जगात ३० कोटी १० लाख लोक चिंताविकारांसह जगत होते. बंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की नैराश्य-चिंतेसारख्या नेहमीच्या आजारांत शंभरातल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, पण माझ्या खोलीत येणारे लोक आधी किती दारं फिरून येतात ते पाहता इथलं चित्र फार निराळं असेल असं मला वाटत नाही. खाजगी उपचार परवडत नसतील तर त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक केव्हाही लावता येतो, मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायला सांगितलं आहे. पॉलिसीत ते विचारून घ्या.

दादांची गोळी किमान येत्या दिवाळीपर्यंत चालू राहील. बरं वाटायला लागल्यावर लगेच थांबवली तर आजार उलटण्याची शक्यता जास्त, म्हणून डॉक्टरांनी वर्षभराचा हिशेब धरला आहे; त्यानंतर दोन-तीन महिन्यांत ती उतरवतील. त्या काळात आम्ही महिन्यातून एकदा भेटणार आहोत. वहिनीही येणार आहेत, कारण त्यांचे स्वतःचे प्रश्न आता कुठे निघायला लागले आहेत.